‘यू ऑलराइट?’ला उत्तर काय द्यायचं? नॉटिंगहॅममध्ये नवीन आहे

रंकाळ्याची पोर:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, फिजिओथेरपिस्ट. या उन्हाळ्यात नॉटिंगहॅमला एका हॉस्पिटलात रुजू झाले. कामाचं ठीक चाललंय. आयईएल्टीएसला गुण चांगले पडले होते, त्यामुळं इंग्रजीची धास्ती नव्हती. पण ती परीक्षा घेणारी माणसं नॉटिंगहॅमला कधी आलेलीच नसावीत.

रोज सकाळी स्टाफरूममध्ये शिरलं की जो तो विचारतो, ‘यू ऑलराइट?’ आधी वाटायचं, माझा चेहरा उतरलाय की काय. एकीला मी मनापासून सांगायला लागले की घरातलं हीटिंग चालत नाही, रात्रभर झोप नाही, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती लिफ्टपाशी पोचली होती. ऐकायचं नसतं तर विचारतात कशाला?

पेशंटचं त्याहून अवघड. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एका आजोबांना उभं करायचं होतं. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, ‘बिट सोअर, डक.’ तोंडानं ‘बिट सोअर’ आणि कपाळावर घामाचे थेंब. यातलं खरं कुठलं धरायचं? आणि मी डक कधीपासून झाले?

तिसरं, शेजारच्या काकूंनी शनिवारी बोलावलंय. शब्द असे: ‘कम राउंड फॉर यर टी, हाफ फोर-इश.’ साडेचारला चहा, म्हणजे दुपारचं जेवून जायचं ना? हातात काय न्यायचं? मी शाकाहारी आहे, हे चहासाठी सांगायची गरज आहे का?

चौथं, आमच्या इथल्या एका मोठ्या सर्जनना सगळे ‘मिस्टर’ म्हणतात, डॉक्टर नाही. आणि कालची ज्युनियर पोरगी त्यांना सरळ नावानं हाक मारते. माझ्या तोंडून ‘सर’ सोडून काही निघत नाही आणि मी ‘सर’ म्हटलं की ते इकडंतिकडं बघतात.

कुणी जुनं-जाणतं असेल तर सांगा. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.


तात्पुरता लंडनकर:

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘यू ऑलराइट?’ला उत्तर ‘यू ऑलराइट?’ फार तर ‘येह, यू?’ पाय थांबवायचे नाहीत. गावाकडं पारावर बसलेला म्हातारा ‘काय, जेवलास का?’ विचारतो तेव्हा आपण त्याला आमटीत काय होतं ते सांगत नाही, तसंच.

डकबद्दल माझा पास. लंडनमध्ये डक फक्त बागेतल्या तळ्यात. इथं पुरुष एकमेकांना ‘मेट’ म्हणतात, अगदी भांडतानासुद्धा. किंबहुना भांडतानाच जास्त.

शनिवारचं मीही बघायला आतुर आहे.


मिरजवाली सिस्टर:

पोरी, तू कोल्हापूरची, मी मिरजेची, म्हणजे तू आमच्यातलीच. मी मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि २००२ साली इकडं आले. तेव्हा एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, नर्सा कमी पडत होत्या, भारतातून आणि फिलिपिन्समधून धडाधड भरती चालू होती. तेव्हापासून मी याच भागात, हाडांच्या वॉर्डात. जास्त करून पडून खुबा मोडलेली म्हातारी माणसं. म्हणजे तुझी नि माझी गिऱ्हाइकं एकच.

आधी दुखण्याचं, कारण बाकीच्यात फार तर फजिती होईल, यात पेशंटचं नुकसान होईल. इथली जुनी पिढी दुखणं दोन पायऱ्या खाली उतरवून सांगते. ऐकणाऱ्यानं तेवढ्या चढून जायचं. ‘मस्टंट ग्रम्बल’ म्हणजे दुखतंय. ‘बिट सोअर’ म्हणजे चांगलंच दुखतंय, आधी गोळी, मग वॉकर. ‘नॉट टू क्लेव्हर टुडे’ असं म्हणाले तर डॉक्टरच्या कानावर घाल, ते अकलेबद्दल बोलत नाहीत. आणि ‘आय फील अ बिट फनी’ कानावर पडलं की हातातलं टाकून बीपी बघ. बेल वाजवून ‘सॉरी टु बॉदर यू’ म्हणणारा माणूस बेल वाजवण्याआधी बराच वेळ कळ काढत पडलेला असतो, हे धरूनच चाल.

एक आजोबा सांगते. आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. नॉटिंगहॅमशायरमधली शेवटची खाण, थोर्सबीची, २०१५ ला बंद झाली, पण ती माणसं अजून आमच्याकडं येतात. हे आजोबा संध्याकाळी स्वयंपाकघरात पडले आणि सकाळी मुलगी येईपर्यंत फरशीवरच. वॉर्डात आणले तेव्हा पांघरूण उचलायच्या आधीच कळत होतं. एक पाय आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, हाड मोडल्याची सरळ खूण. मी विचारलं, कसं वाटतंय? ‘आयव्ह बीन बेटर, डक.’ त्यानंतरचा प्रश्न त्यांचा होता: मांजराला कुणी खायला घातलं का. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय म्हटलं तर बराच विचार करून म्हणाले, ‘फोर?’

म्हणून आकडा विचार, पण आकड्याबरोबर हात बघ. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत. पलंगाचा कठडा धरलेली बोटं पांढरी पडली असतील तर तो चार नव्हे. आणि ‘दुखतंय का?’ असं विचारूच नकोस, उत्तर ‘नॉट टू बॅड’ येणार हे ठरलेलं. ‘कूस बदलताना किती दुखतं? पाय टेकताना किती?’ असं विचारलं तर खरं बाहेर येतं, कारण तेव्हा ती तक्रार राहत नाही, माहिती होते.

हे असं का, यावर माझं एक मत आहे. या भागात ‘मार्डी’ म्हणून शब्द आहे. कुरकुरणारं, रुसून बसणारं पोर म्हणजे मार्डी. शाळेत, गल्लीत, घरात पोरांना याच शब्दानं झोडपतात. ऐंशी वर्षांच्या माणसालाही आपल्याला कुणी मार्डी म्हणेल ही भीती मोडक्या हाडापेक्षा मोठी वाटते. थंडी सोसत नाही त्याला ‘नेश’ म्हणतात, तीही शिवीच. नोव्हेंबरात तू दोन स्वेटर घालून आलीस की हा शब्द तुझ्या वाट्याला येणार, तयारीत राहा.

डक म्हणजे ‘बाळा’, ‘राजा’. बाई-पुरुष भेद नाही, वय नाही, हुद्दा नाही. बसचा ड्रायव्हर म्हणेल, बेकरीवाली म्हणेल, दाढीवाला प्लंबर दुसऱ्या दाढीवाल्या प्लंबरला म्हणेल. डर्बी, स्टोककडंही हेच. न्यूकासलला गेलीस तर ‘पेट’, यॉर्कशायरात ‘लव्ह’, आणि ब्रिस्टलकडं दुकानदार बाई तुला ‘माय लव्हर’ म्हणेल, तिथं गोरीमोरी होऊ नकोस. उतरताना ड्रायव्हरला ‘चिअर्स, डक’ म्हणायला अजून वेळ लागेल तुला. नुसतं ‘थँक्यू’ म्हण, पण म्हण. न बोलता उतरणारा इथं उर्मट ठरतो.

आता शनिवार. जेवून जाऊ नकोस गं बाई! इकडं दुपारचं ते ‘डिनर’ आणि संध्याकाळचं जेवण म्हणजे ‘टी’. शाळेत दुपारी पोरांना वाढणाऱ्या बायका ‘डिनर लेडीज’. वॉर्डात नव्या आलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे सांगते, कारण म्हातारी सांगते ‘इन्सुलिन बिफोर मी टी’ आणि तिला म्हणायचं असतं पाचच्या जेवणाआधी, तीन वाजता फिरणाऱ्या चहाच्या ट्रॉलीआधी नव्हे. तो फरक साखरेला समजतो.

शाकाहारी आहेस हे आजच सांग. दारात भेटल्या की सहज सांगायचं. त्यांना बरंच वाटेल, भाजलेला बटाटा, त्यावर चीज नि बीन्स, काम झालं. शनिवारी ताटावर बसून सांगितलंस तर त्या बिचाऱ्या रात्रभर झोपणार नाहीत. शेवटी ट्रायफल नावाचं केक-कस्टर्डचं गोड आलं तर त्यातल्या जेलीत बहुतेक जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, ते ध्यानात ठेव.

साडेचार-इश म्हणजे साडेचार ते पावणेपाच. साडेचारच्या आत बेल वाजवू नकोस, आत घाईघाईनं हूवर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, फिरत असतो. हातात बिस्किटांचा डबा किंवा कुंडीतलं एखादं फुलझाड. घरचा चिवडा असेल तर तोही ने, पण शेंगदाणे आहेत हे सांग, इथं शेंगदाण्याची ॲलर्जी फार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: इथं आग्रह नसतो. आपण पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो, दुसऱ्यांदा ‘नको नको’ म्हणतो, मग वाढणारी ताटावर आडवा हात बाजूला करून वाढतेच. इथं पहिल्या ‘नो, थँक्यू’ला केकची ताटली सरळ आत जाते आणि परत येत नाही. त्यांच्या लेखी तुझ्या शब्दाला मान दिला. तेव्हा हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘ऊ, गो ऑन देन’ म्हण. हा मंत्र पाठ कर.

निघायचं कधी, हे कुणी सांगणार नाही. काका दोन्ही गुडघ्यांवर हात आपटून ‘राइट!’ म्हणाले की उठायचं. ते ‘राइट’ म्हणजे काही बरोबर आहे असं नव्हे, सभा बरखास्त. त्यानंतर दारात अर्धा तास उभ्यानं गप्पा होतील, ते मात्र अगदी आपल्यासारखं.

स्टाफरूममधल्या चहाचंही सांगून ठेवते, तू विचारलं नाहीस तरी. केटल लावली की खोलीतल्या प्रत्येकाला विचारायचं. एकटीपुरता कप करून कोपऱ्यात प्यायलीस तर कुणी बोलणार नाही, पण नोंद होईल. मी कॅन्टीनचा पितो असं म्हणणारा एक डॉक्टर होता, भला माणूस, पण दोन वर्षांत कुणाशी ओळख झाली नाही त्याची. कुणाला किती दूध, कुणाला साखर हे लक्षात ठेवलंस की तुझी बढती झालीच समज. आणि कपाटातला मग कुणाचा आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नकोस. वाढदिवस तुझा असेल तर केक तू आणायचा, लोक आणतील म्हणून वाट बघत बसू नकोस.

‘मिस्टर’चं उद्या लिहिते. आज नाइट आहे.


तात्पुरता लंडनकर:

सिस्टर, दोन पायऱ्यांवरून आठवलं. कोरियाचं युद्ध, एप्रिल १९५१, इम्जिन नदी. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या एका बटालियनला चिनी सैन्यानं घेरलं होतं. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांना वरच्या अमेरिकन जनरलनं परिस्थिती विचारली, तर ते म्हणाले, जरा ‘स्टिकी’ आहे. इंग्रज माणसाला त्याचा अर्थ ‘आम्ही संपत आलोय’ असा लागला असता. अमेरिकन जनरलला वाटलं, अडचण आहे पण निभतंय. वेळेवर माघारीचा हुकूम सुटला नाही, बटालियनमधले बहुतेक जण मारले गेले किंवा कैद झाले. भाषा एकच होती दोघांची.

एक पबचंही सांगतो, कारण ऑफिसचे लोक तुला नेणारच. टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही, काउंटरवर जायचं. रांग दिसत नाही पण असते, आपल्या आधी कोण आलं होतं हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि बारवाल्यानं चुकून तुला आधी विचारलं तर ‘हे माझ्या आधी आहेत’ म्हणायचं. दारू पीत नसलीस तरी राउंड चुकवायचा नाही. तू लिंबूसोडा पी, पण तुझी पाळी आली की सगळ्यांचे पाइंट तूच आणायचे. एका पाइंटला ५६८ मिलिलिटर, चार ग्लास दोन हातांत धरून गर्दीतून येणं ही वेगळी विद्या आहे. बाकी लंडनच्या बसमधून आपण मधल्या दारानं उतरतो, त्यामुळं ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं तर ओरडावं लागेल. आम्ही उर्मट नाही, दार लांब आहे.


कोयनाकाठ:

सिस्टरनी केटलचा विषय काढला म्हणून राहवत नाही. मी वीजखात्यातून निवृत्त. आमच्या धंद्यात इंग्लंडची केटल प्रसिद्ध आहे. तिथली केटल ३ किलोवॅटपर्यंतची असते, आणि टीव्हीवरचा मोठा कार्यक्रम संपला की देशभर एकाच मिनिटाला लोक उठून ती लावतात. ४ जुलै १९९० ला वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, तेव्हा मागणी एकदम २८०० मेगावॅटनं उसळली. आमच्या कोयनेचे सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅट होतात, म्हणजे ती अख्खी कोयना पूर्ण ताकदीनं चालवली असती तरी त्यांचा दुःखाचा चहा झाला नसता!

यासाठी त्यांनी वेल्समध्ये डोंगराच्या पोटात डिनॉर्विग म्हणून केंद्र बांधलंय, १९८४ पासून चालू आहे. रात्री स्वस्त विजेवर पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि मागणी उसळली की काही सेकंदांत खाली सोडायचं. आपल्याकडं घाटघरला तीच पद्धत, २५० मेगावॅटची. कंट्रोल रूममधला माणूस टीव्हीचं वेळापत्रक समोर ठेवून बसायचा, हे ऐकल्यावर मला त्या नोकरीचा हेवा वाटला होता.


सदाशिव पेठी:

दीडशे वर्षं त्यांनी आपल्यावर राज्य केलं, आणि आपण अजून त्यांच्याकडं चहाला कसं जायचं याचे धडे घेतोय. त्यांनी कधी विचारलं होतं का, आपल्याकडं पाहुणा आला की काय करतात?


ग्लासगोचा गणप्या:

पेठी, दम खा. पोरगी परक्या गावात आहे.

रंकाळा, तू इंग्लंडबद्दल विचारतेस म्हणून गप्प होतो, पण ब्रिटन म्हणजे नुसतं इंग्लंड नव्हे. इकडं डक नाही, ‘हेन’. म्हणजे तू बदकाची कोंबडी होशील, एवढाच फरक. शेजारीण ‘आयम अवे फॉर द मेसेजेस’ म्हणाली तर ती बाजारात किराणा आणायला चालली आहे, मोबाइलशी संबंध नाही. डब्यातलं सँडविच म्हणजे ‘पीस’. एक जानेवारीला सगळं बंद असतंच, आम्हाला दोन जानेवारीलाही सुटी, कारण एक तारखेला कुणी शुद्धीवर नसतं.

कधी आलीस तर परत जाताना नोटा तपासून ने. इथं तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात, त्या पाउंडच आहेत, पण इंग्लंडमधला दुकानदार त्या उजेडाकडं धरून धरून बघतो.


देवळाली कॅम्प:

दहा वर्षं हा धागा नुसता वाचतोय असं वाटायला लागलंय, इतक्या गोष्टी आल्या, म्हणून माझीही एक भर. ताईंच्या वॉर्डात कुणी म्हातारी दुसरीकडं बोट दाखवून ‘शीज गॉन डूलाली’ म्हणाली तर समजा, आमच्या गावाचं नाव घेतलं.

इथं ब्रिटिश फौजेचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून बोट मिळेपर्यंत इथं येऊन थांबायचे. फौजेच्या बोटी थंडीच्या हंगामातच सुटायच्या, त्यामुळं ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो महिनोन् महिने अडकला. काम नाही, कवायत नाही, वर नाशकाचं ऊन, मलेरिया आणि बाजारातली दारू. काहींची डोकी फिरायची. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. ताप पुढं गळून गेला, देवळाली तेवढी इंग्लंडात राहिली. आता इथं तोफखान्याचं स्कूल आहे आणि आमचं डोकं फक्त सरावाच्या दिवशी फिरतं.

पेठी, त्यांनी आपल्याकडून काय नेलं याचं हे एक उत्तर धरा.


मिरजवाली सिस्टर:

नाइट संपली, झोप येत नाही, म्हणून लिहूनच टाकते.

पेठी, आम्ही चहाला जायला शिकत नाही हो. मोडक्या हाडाचा म्हातारा ‘फोर’ म्हणतो तेव्हा तो खरं काय म्हणतोय ते शिकतोय. पगार त्याचाच मिळतो.

पोरी, मिस्टरचं असं. जुन्या काळी फिजिशियन विद्यापीठात शिकून डॉक्टर व्हायचे. सर्जन मात्र कुणाच्या तरी हाताखाली काम शिकायचे, पदवी नाही. १५४० पासून १७४५ पर्यंत लंडनमध्ये सर्जन आणि न्हावी यांची एकच कंपनी होती, दोघांचंही काम वस्तऱ्याचं. १८०० साली सर्जनांचं रॉयल कॉलेज झालं, पुढं तेही रीतसर मेडिकल शिकून यायला लागले, पण जुनं ‘मिस्टर’ त्यांनी सोडलं नाही. ज्यावरून डॉक्टर लोक हिणवायचे तेच मिरवायला लागले. आज मेडिकल पास झालं की ‘डॉक्टर’, आणि रॉयल कॉलेजची सर्जरीची परीक्षा दिली की परत ‘मिस्टर’. बाई असेल तर बहुधा ‘मिस’, लग्न झालं असलं तरी. तेव्हा मिस्टर अमुक यांना ‘डॉक्टर’ म्हटलंस तर ते रागावणार नाहीत, पण आपली पायरी उतरवली असं त्यांना वाटतं. पेशंटना हे सांगून सांगून आमचा घसा बसतो. ‘डॉक्टर कधी येणार? नुसतेच मिस्टर येऊन गेले,’ असं परवाच एका पंजाबी आजींचा मुलगा म्हणत होता.

‘सर’ सोड. ते स्वतः ‘कॉल मी’ म्हणून जे नाव सांगतील त्या नावानं हाक मार. पहिल्या वेळी जीभ अडखळते, आपली आई मागं उभी राहून बघतेय असं वाटतं. पण ‘सर’ म्हटलं की त्यांना वाटतं ही घाबरलीय, आणि घाबरलेली फिजिओ ‘आज या पेशंटला उठवू नका’ असं ठणकावून सांगणार कशी? इथं ते सांगावं लागतं, आणि तू सांगितलंस तर ते ऐकतातही. हे मला इकडं येऊन सगळ्यात जास्त आवडलेलं आहे.

‘सिस्टर’ मात्र सरसकट म्हणू नकोस. आपल्याकडं नर्स दिसली की सिस्टर. इथं तो हुद्दा आहे, वॉर्डाची मुख्य ती सिस्टर. त्या जागी पुरुष असला तर ‘चार्ज नर्स’. नव्या मुलींनी हेल्थकेअर असिस्टंटला सिस्टर म्हटलं की ती खूश होते आणि खरी सिस्टर मान वळवते.

पेशंटच्या बाबतीत उलटं. तिथं आधी मिस्टर-मिसेस, मग विचार, तुम्हाला काय म्हणू? पलंगामागच्या फळ्यावर आवडीचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. कागदावर मार्गारेट असते, पण जन्मभर ती पेगी. भुलीतून बाहेर येणाऱ्या बाईला ‘मार्गारेट, मार्गारेट’ करत बसलं तर ती हूं की चूं करत नाही. ‘पेगी, डक’ म्हटलं की एक डोळा उघडतो.

‘वी मस्ट हॅव यू राउंड’ असं कुणी म्हणालं तर डायरी काढू नकोस. तारीख आणि वेळ सांगितली तरच ते आमंत्रण, नाहीतर ते नुसतं गोड बोलणं. तुझ्या काकूंनी वार सांगितलाय, वेळ सांगितलीय, म्हणजे मनापासून आहे.

खिडकीबाहेर बघून कुणी म्हणालं ‘इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स’, तर छत्री घे. बिल कोण, त्याची आई कुठं राहते, विचारू नकोस. ढग ज्या बाजूला असतील तिकडं ती राहते.


रंकाळ्याची पोर:

सिस्टर, लई म्हणजे लई आभार. काकूंना सकाळीच सांगितलं शाकाहारी आहे म्हणून, तर दारातच ‘ओह, थँक गॉड यू सेड’ म्हणाल्या. ‘ऊ, गो ऑन देन’चा आरशासमोर सराव चालू आहे. कोयनाकाठ काका, आमच्या स्टाफरूमच्या केटलवर आता तुमचाच आकडा चिकटवणार आहे.

एक शेवटचं. दिवाळी जवळ आली. आमच्या मागच्या अंगणात चार फटाके उडवले तर चालतं का, की पोलिस येतात? काकूंचा कुत्रा म्हातारा आहे, त्याचीही काळजी आहे.


तात्पुरता लंडनकर:

पोलिस येत नाहीत, वेळ पाळायची. एरवी रात्री ११ ते सकाळी ७ बंदी. ५ नोव्हेंबरला, म्हणजे बॉनफायर नाइटला, १२ पर्यंत सूट. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याचा हा सण, आपली दिवाळी बऱ्याचदा त्याच्या आगेमागे येते, त्यामुळं दोन्ही आवाज एकात मिसळून जातात. पण दिवाळीच्या रात्री कायद्यानंच १ वाजेपर्यंत मुभा आहे, दिवाळीचं नाव घालून लिहिलेलं आहे तिथं. दुकानात फटाके १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर मिळतात, आणि दिवाळी त्यात बसत नसली तर दिवाळीच्या आधी तीन दिवस. रस्त्यावर उडवायचे नाहीत, स्वतःच्या अंगणात.


मिरजवाली सिस्टर:

आणि कुत्र्यासाठी आदल्या दिवशी काकूंच्या दारातून एक चिठ्ठी टाक, किती वाजता उडवणार ते लिहून. त्या पडदे ओढून रेडिओ लावतील. चिठ्ठीच्या शेवटी तुझं नाव आणि घरनंबर लिही, नुसतं नाव लिहिलंस तर कळणार नाही, गल्ली तुला अजून नंबरानंच ओळखत असेल. फटाके घेताना ओळखपत्र ने, १८ च्या आतल्यांना विकत नाहीत आणि आपली पोरं इकडच्यांना लहानच दिसतात.